पणजोबा कोल्हापुरात आले कुठून? मूळ गावाचा माग काढणाऱ्यांसाठी

“आम्ही मूळचे इथले नव्हे, आमचे वरचे कोकणातनं आले.” कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत हे ऐकायला मिळतं. कोकणातनं म्हणजे कुठनं, कोण आलं, कधी आलं, असं खोदून विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसली, १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली, आणि पोटामागं माणसं येत राहिली. कुणी घाट चढून, कुणी चिकोडी-बेळगावकडून, कुणी साताऱ्याकडून, तर कुणी मारवाड-गुजरातेतून दुकान मांडायला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं वळिवड्याच्या छावणीत उतरली. महायुद्धात याच छावणीत पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. तिथलंच आजचं गांधीनगर.

माझ्या घराण्याचा माग काढताना कागद कमी पडले नाहीत. कुठला कागद कुणाच्या कपाटात असतो हे सांगणारं मात्र कुणी भेटलं नाही. एक खिडकी दुसरीकडं पाठवते, दुसरी “जुनं रेकॉर्ड खाली आहे” म्हणते. तुमची तेवढी पायपीट वाचावी म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक सांगतो: आडनावाच्या मागं लागू नका, गाव धरा. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत “गणू बिन रामा” एवढंच सापडतं. आडनाव बऱ्याचदा शहरात आल्यावर, शाळेत नाव घालताना चिकटलेलं असतं. आजऱ्याहून आला तो आजरेकर झाला, पण आजऱ्यात त्याला आजरेकर कोण म्हणणार? सरकारी दप्तर गावाच्या नावानं लावलेलं असतं. गाव कळलं की अर्धं काम झालं.

१. घरातले कागद आणि घरातली माणसं

ट्रंक, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, माळ्यावरची पेटी, सगळं उलगडा. जुनी खरेदीखतं, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या, पितरांच्या नावांचा कागद. घरात श्राद्ध होत असेल तर तीन पिढ्यांची नावं आणि गोत्र त्या कागदावर आयतं मिळतं.

मग म्हाताऱ्या माणसांकडं जा. आत्यांकडं आणि चुलतआज्यांकडं आधी जा, कारण माहेरचा धागा बायकांना जास्त आठवतो. “आपलं मूळ गाव कुठलं?” असं थेट विचारलं तर “काय माहीत बाबा” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी हे विचारा:

- कुलदैवत कुठलं? रवळनाथ, सातेरी, वेतोबा म्हणाले तर तळकोकण किंवा आजरा-चंदगडचा पट्टा बघा. सौंदत्तीची यल्लम्मा, वीरभद्र म्हणाले तर दक्षिणेकडं.
- आज्याला गावाकडनं काय यायचं? आमसुलं-कुळीथ का ज्वारी-शेंगा?
- येताना कुठला घाट चढून आले? फोंडा म्हणाले तर कणकवलीकडचं गाव, बावड्याचा घाट म्हणाले तर वैभववाडी, आंबा घाट म्हणाले तर साखरपा-संगमेश्वर-रत्नागिरी, आंबोली म्हणाले तर सावंतवाडी.
- लग्नात देवक काय पुजतात?
- गावच्या जत्रेला शेवटचं कोण, कधी गेलं होतं?

घाटाचा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. गावाचं नाव विसरलेली माणसंसुद्धा बैलगाडीनं कुठला घाट चढला ते सांगतात. एकट्या कुलदैवतावर मात्र भिस्त ठेवू नका. कोल्हापुरात आल्यावर जोतिबाला लागलेली घराणी भरपूर आहेत.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करा आणि बोलताना मध्येच दुरुस्त करायला जाऊ नका.

२. ते गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं?

बहुतेकांची गाडी इथंच अडते. गाव सापडतं, तालुका सापडतो, अर्ज जातो, आणि “असं रेकॉर्ड आमच्याकडं नाही” असं उत्तर येतं. कारण आजचे जिल्हे आणि तेव्हाचे मुलूख वेगळे.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधी आजच्या जिल्ह्यातली सगळी गावं थेट छत्रपतींच्या कारभारात नव्हती. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी अशा जहागिऱ्या होत्या आणि त्यांचा त्यांचा कारभार होता. आजरा इचलकरंजी जहागिरीत होतं. कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. चंदगड १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणून त्याच्या जुन्या नोंदींचा माग बेळगावकडं जाऊ शकतो. उलट रायबाग आज कर्नाटकात आहे, पण संस्थानकाळात ते कोल्हापूरचं होतं.

कोकणचंही तसंच. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधी सगळं रत्नागिरी. जुन्या दाखल्यावर “जि. रत्नागिरी” दिसलं म्हणून थेट रत्नागिरी शहराची गाडी पकडू नका, गाव मालवण किंवा देवगड तालुक्यातलं असू शकतं. शिवाय कुडाळ, बांदा, सावंतवाडी हा भाग सावंतवाडी संस्थानचा, तर मालवण-वेंगुर्ला इंग्रजांचं. दप्तरं वेगळी, लिहायची पद्धतही वेगळी.

म्हणून एका कागदावर आपल्या गावापुढं तीन रकाने करा: १९४९ पूर्वी कुणाकडं, १९५६ पर्यंत कुठल्या जिल्ह्यात, आज कुठल्या तालुक्यात. तो कागद प्रत्येक कार्यालयात सोबत न्या. खिडकीपलीकडच्या माणसालाही त्यानं मदत होते.

३. शहरातला पहिला ठसा

पूर्वज कोल्हापुरात आल्यावर त्याची पहिली सरकारी खूण कुठं उमटली ते बघायचं. तीन जागा आहेत.

*शाळा.* संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, त्यामुळं त्यानंतर कष्टकऱ्यांच्या पोरांचीही नावं पटावर येऊ लागली. शाळा सोडल्याचा दाखला घरात असेलच, पण तुम्हाला हवा तो जनरल रजिस्टरचा उतारा. त्यात जन्मगाव, जात आणि आधीची शाळा असे रकाने असतात. आधीच्या शाळेचं नाव मिळालं तर ते थेट गावाकडं बोट दाखवतं. शाळा बंद पडली असली तरी रजिस्टर कुठं तरी वर्ग झालेलं असतं. महापालिकेची शाळा असेल तर प्राथमिक शिक्षण समितीकडं चौकशी करा.

*घर.* राहतं घर पेठेतलं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. कोल्हापुरात ए पासून ई पर्यंत वॉर्ड आणि त्यापुढं सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) असा पत्ता चालतो. वॉर्ड चुकला तर भलत्याचीच पत्रिका हातात पडते. पत्रिका ऑनलाइन मिळते, पण जुनी माहिती नगर भूमापन कार्यालयाच्या चौकशी नोंदवहीत असते. मोजणीच्या वेळी जागा कुणाच्या ताब्यात होती आणि ती त्याच्याकडं कशी आली, हे त्यात लिहिलेलं असतं. ती नक्कल वेगळी मागावी लागते. आपणहून कुणी सांगत नाही.

*जन्म-मृत्यू.* महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शोध अर्ज द्या. साल नक्की नसेल तर मागं-पुढं पाच वर्षं धरून मागा. मुलाला नाव ठेवायच्या आधीच नोंद व्हायची, म्हणून नावाचा रकाना रिकामा असतो. बापाचं नाव आणि पेठ यावरच शोधायचं.

४. तहसील आणि भूमी अभिलेख

मूळ गाव कळल्यावर खरी कमाई तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होते. पूर्वीचा तलाठी म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी. त्याच्याकडं चालू दप्तर असतं, जुनं तहसीलला जमा झालेलं असतं. या गोष्टी नाव घेऊन मागायच्या:

- कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४: गावातले जन्म आणि मृत्यू, बापाच्या नावासह, जातीसह.
- हाताने लिहिलेले जुने सातबारा आणि फेरफार (गाव नमुना ६), म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी.
- वारस नोंदवही (६ क).
- भूमी अभिलेख कार्यालयातली शेतवार पत्रकं आणि टिपणं.

यातला फेरफार सगळ्यात बोलका. सातबारा एका वेळचं चित्र दाखवतो. फेरफारात खातेदार कधी मयत झाला, वारस कोण, त्यांची वयं काय, कोण परगावी, सगळं येतं. लेकींची नावं सासरच्या गावासह लिहिलेली असतात. माझ्या घराण्याचा तुटलेला दुवा अशाच एका फेरफारात सापडला. मयताच्या वारसांत तिसरा मुलगा, नावापुढं “हल्ली रा. करवीर” (म्हणजे कोल्हापूर) आणि शेरा, “बरेच दिवसांपासून गावी नाही”. पणजोबांचं घर सोडणं तलाठ्यानं एका ओळीत लिहून ठेवलं होतं, वर शाईचा डाग आणि शेजारी दोन भावांचे अंगठे. हक्कसोडपत्र सापडलं तर तेही सोडू नका, बहिणी कुठं दिल्या ते त्यात कळतं आणि त्यांच्या घरी कागद सापडतात.

आजच्या सातबाऱ्यावरून मागं जायची रीत सोपी आहे. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक वर्तुळात किंवा कंसात असतात. त्यातला सगळ्यात जुना घ्या, तो फेरफार काढा, त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळेल, त्याचा फेरफार काढा. जमीन विकून पूर्वज बाहेर पडला असेल तर भावकीच्या सातबाऱ्यावरून हीच शिडी उतरा.

कागदांतल्या खुणा ओळखीच्या करून घ्या. “बिन” म्हणजे अमक्याचा मुलगा, “कोम” आणि “भ्रतार” म्हणजे अमक्याची बायको. “ए.कु.मॅ.” म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, त्यामुळं नाव एकाचं असलं तरी मागं चार भाऊ असू शकतात. “अ.पा.क.” म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता.

सोबत काय न्यायचं: ओळखपत्र, नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, गावाचं नाव आणि जमला तर गट किंवा सर्व्हे नंबर, घरातल्या नावांची यादी, वही. फोटो काढायला सगळीकडं परवानगी नसते, आधी विचारा. अर्जावर “पाहणी आणि नक्कल” असं दोन्ही लिहा. नुसती नक्कल मागितली तर कारकून स्वतः शोधतो आणि पहिल्याच वहीत नाही मिळालं की “आढळ होत नाही” असा शेरा मारून मोकळा होतो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. टोलवाटोलवी झाली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. दारात उभे राहणारे एजंट “जुनं रेकॉर्ड काढून देतो” म्हणतील, त्यांना नमस्कार करून पुढं व्हा.

५. ऑनलाइन काय मिळतं, काय नाही

महाभूलेखवर चालू सातबारा, आठ-अ आणि मिळकत पत्रिका दिसतात. आज भावकीतल्या कुणाच्या नावावर काय आहे आणि गट नंबर कुठला, एवढ्यापुरतं ते पुरतं. जुनी हस्तलिखितं स्कॅन करून “आपले अभिलेख” या सरकारी पोर्टलवर चढवली आहेत. सगळे तालुके सारखे चढलेले नाहीत, म्हणून आधी जिल्हा-तालुका-गाव निवडून यादीत काय काय दिसतं ते बघा. तिथं नावानं शोधता येत नाही, गाव आणि गट-सर्व्हे नंबरावर चालतं. गाव बेळगावकडचं असेल तर कर्नाटकाच्या भूमी पोर्टलवर आरटीसी (तिकडचा सातबारा) काढा.

२०२३ पासून मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तहसिलांतल्या जुन्या वह्या धुंडाळल्या गेल्या. कुणबी नोंदींची पानं अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय पीडीएफमध्ये आली. आरक्षणाशी तुमचा संबंध असो वा नसो, शंभर वर्षांपूर्वीचं कोतवाल बुकाचं पान घरबसल्या बघायला मिळतं हे काय कमी आहे? तुमच्या गावाचा संच उतरवून ठेवा. यात सगळं गाव नसतं, ठरावीक नोंदीच असतात. तिथं नाव नाही म्हणजे वहीत नाही असं समजू नका.

फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर हरिद्वार आणि उत्तरेकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्या आहेत. राजस्थान-पंजाबकडून आलेल्या घराण्यांना त्या उपयोगी पडतील. पैसे घेऊन वंशवृक्ष जोडून देणाऱ्या परदेशी साइटींचा भर युरोप-अमेरिकेवर असतो. करवीर तालुक्यातला गणू बिन रामा तिथं भेटणार नाही. तेवढ्या वर्गणीत मोडी (जुन्या कागदांची लिपी) वाचणाऱ्याला चार पानं जास्त दाखवता येतील.

६. मोडी आणि सालं

संस्थानी दप्तराचा बराच भाग मोडीत आहे. कोल्हापूर पुराभिलेखागारात संस्थानचे कागद आहेत, पण तिथं जाण्याआधी आपल्याला काय हवंय ते ठरवा: इनाम, नोकरी, वतन, तक्रार अर्ज, काय? साध्या कुळाचं नाव तिथं सहजी सापडत नाही. पूर्वज दरबारी चाकरीत, पागेत किंवा इनामदार असेल तर मात्र ही जागा आधी गाठा.

पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. महिनाभर रोज थोडं बसलात तर नावं ओळखता येतील, त्यापुढचं जाणकाराकडून वाचून घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्द सलग लिहितात, त्यामुळं एकाच नावाची दोन वाचनं होतात. महत्त्वाचं पान दोघांना वेगवेगळं दाखवा, दुसऱ्याला पहिल्याचं वाचन सांगू नका.

सालाचं गणित असं: शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा, फसली (महसुली साल) असेल तर ५९० किंवा ५९१, सुहूर (मराठेशाहीतल्या कागदांतलं अरबी साल) असेल तर ५९९ किंवा ६००. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. कुठलं साल आहे ते न बघता आकडा मिळवला तर आजा नातवापेक्षा धाकटा ठरतो. नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत असल्यानं “रामा बिन गणू” आणि “गणू बिन रामा” हे आलटून-पालटून येतात. प्रत्येक नावापुढं साल लिहिल्याशिवाय वंशावळीत चढवू नका. दत्तक गेलेला असेल तर बापाचंच नाव बदलतं, तेही ध्यानात असू द्या.

७. हेळवी, उपाध्ये आणि बाकीचे वहीवाले

आपल्याकडच्या आणि सीमेपलीकडच्या खेड्यांत सुगीनंतर हेळवी येतो. बैल दारात उभा करतो, कापडात बांधलेली वही सोडतो आणि तुमच्या खापरपणजोबापासून नावं म्हणायला लागतो. कोण कुठल्या गावाहून उठून कुठं बसला, हेसुद्धा सांगतो. वही पुष्कळदा कानडीत असते, म्हणून त्याच्या तोंडून ऐकताना रेकॉर्ड करा. तुमच्या शहरातल्या घरी तो येणार नाही. भावकीत विचारा, आपला हेळवी कुठला आणि कधी येतो. आला की धान्य, पैसे, जो मान असेल तो द्या, आणि आपल्या शाखेची नावं वहीत चढवून घ्या.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया, काशी इथं तीर्थोपाध्यांच्या वह्या असतात. तिथंही मूळ गाव आणि घराणं सांगावं लागतं, कोल्हापूर सांगितलंत तर भलतीच वही उघडेल. गेलेल्या माणसानं स्वतः लिहिलेली नावं बघायला मिळाली तर ती सरकारी नोंदीइतकीच धरा. उपाध्यांनी तोंडी सांगितलेली बाराव्या पिढीची कहाणी मात्र ऐकून सोडून द्या.

ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरं बघावीत, कोल्हापुरात अमेरिकन मिशन १८५२ पासून आहे. मुस्लिम घराण्यांसाठी काझींकडची निकाह रजिस्टरं, लिंगायत आणि जैनांसाठी त्यांचे मठ.

८. घरातला कुणी समुद्रापार गेला असेल तर

मॉरिशसला १८३४ पासून साधारण साडेचार लाख मजूर करारावर गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-सातारा-कोल्हापूरकडचे मराठी लोकही होते. प्रत्येकाला आगमन क्रमांक मिळायचा. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज आणि अंगावरच्या खुणा असत, पुढं १८६० च्या दशकापासून फोटोही. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. विचारणा करताना इंग्रजी स्पेलिंग सैल ठेवा: कोलापूर, कोलापोर, रत्नाघेरी, सत्तारा, कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलंय. तिकडून कुणी इकडं शोधत आलं तर त्यांना आधी तो क्रमांक विचारा, नावावरून काही हाती लागत नाही.

पहिल्या महायुद्धात गेलेला परत आला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची मोफत यादी बघा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजचा इराक) कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथं शरणागती झाली. यादीत पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. नावानं शोधू नका, “अधिक माहिती”च्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका.

९. मूळ गावी जाताना

हातात दोन तरी कागद जुळल्यावरच जा. कोकणात गणपतीत किंवा गावच्या जत्रेला जा, तेव्हा चाकरमानी घरी असतात आणि चार पिढ्या एका ओटीवर भेटतात. आधी ग्रामदेवतेच्या देवळात, मग पोलीस पाटील किंवा गावातल्या मानकऱ्याकडं.

आणि भावकीच्या दारात पाय ठेवल्याबरोबर पहिलं वाक्य हे: “जमिनीत आम्हाला काही नको.” सातबाऱ्याची नक्कल हातात घेऊन शहरातून आलेला पाहुणा बघितला की गावात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. शक्यतो सातबारा पिशवीतच राहू द्या, बाहेर काढायचा तो वंशावळीचा कागद. रिकाम्या जागा त्यांनाच भरू द्या. एकानं नाव सांगितलं की दुसरा खोडतो, त्या भांडणातून जे निघतं ते लिहून घ्या. पूर्ण झालेल्या वंशावळीची एक प्रत त्यांच्याकडं ठेवा, आणि हेळवी आला की फोन करायला सांगून या.